कॅप्सूल दिली, पुढे काय?

प्रकल्पाची फाइल माझ्याकडे आली तेव्हा यशाचं एकच माप त्यात लिहिलेलं होतं: गावपातळीवर किती मुलांना आर्टेसुनेटची कॅप्सूल दिली गेली. बाकी सगळं, म्हणजे प्रशिक्षण, साठा, पोस्टर, भेटी, त्या एका आकड्यासाठी होतं. बालरोगाच्या वॉर्डात आयुष्य काढल्यामुळे मला पहिला प्रश्न पडला तो हा, की कॅप्सूल दिली, पुढे काय?

ज्यांना हे औषध माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फाल्सिपेरम जातीचा मलेरिया लहान मुलात बिघडला की तासांत बिघडतो. सकाळी ताप, दुपारी उलट्या, रात्री झटके आणि बेशुद्धी. मूल गिळू शकत नाही, पोटात काही टिकत नाही, आणि इंजेक्शन देणारा माणूस अनेक तास लांब. अशा वेळी 6 वर्षांखालच्या मुलाला गुदद्वारातून आर्टेसुनेटची कॅप्सूल देतात, वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम या हिशोबाने. बांगलादेश, घाना आणि टांझानियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2009 साली आले. दवाखान्यात पोचायला 6 तासांहून जास्त लागलेल्या मुलांमध्ये मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व येण्याचा धोका या कॅप्सूलने निम्म्यावर आणला होता. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीत, म्हणजे दर्जा तपासून मान्य केलेल्या औषधांच्या यादीत, तयार उत्पादनं यायला 2018 उजाडलं. पण हा उपचार नव्हे. ही वाटेतली सोय आहे. परजीवींची संख्या ती झपाट्याने खाली आणते आणि मुलाला रुग्णालयापर्यंत पोचायला वेळ मिळवून देते, एवढंच तिचं काम.

प्रशिक्षणाच्या तारखा पुढे ढकलून मी आधी रुग्णालयाच्या वॉर्डातली जुनी रजिस्टरं मागवली. कंटाळवाणं काम, पण प्रकल्प हातात घेणाऱ्या प्रत्येकानं ते स्वतः करावं, दुसऱ्याकडून सारांश मागवू नये. भरतीची वेळ आणि मृत्यूची वेळ शेजारी शेजारी ठेवून वाचत गेलं की चित्र आपोआप उभं राहतं. गेलेली बहुतेक मुलं भरती झाल्यापासून पहिल्या दिवसाच्या आतच गेली होती, त्यातली बरीच पहिल्याच रात्री. ‘किती दिवसांपासून ताप’ हा रकाना जवळजवळ सगळीकडे कोरा. ‘वजन’ या रकान्यात गोल आकडे: 10, 12, 15. म्हणजे वजनकाटा बंद होता आणि वजन नजरेनं लिहिलं जात होतं.

मग ज्यांची मुलं गेली त्या घरांत जाऊन बसलो. हे सोपं नसतं आणि प्रश्नावली घेऊन तर अजिबात करू नये. आम्ही एवढंच म्हणायचो, ‘ताप आला त्या दिवसापासून सांगा.’ माझी समजूत होती की वेळ रस्त्यात जातो. रस्त्यात जातोच, पण त्याहून जास्त निघण्याआधी जातो. वडील कामावर, त्यांना विचारल्याशिवाय निघायचं कसं. घरात पैसे नाहीत. धाकटं अंगावर पितं, त्याला कोण सांभाळणार. रात्री नदी ओलांडायला नावाडी तयार नाही. आणि रुग्णालयाच्या दारात पोचल्यावर पुन्हा थांबणं. केसपेपर, रांग, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध. एका आजीनं अगदी शांतपणे सांगितलं, ‘आम्ही पोचलो होतो की. दारात बसलो होतो.’

प्रशिक्षण घेतलं तेव्हा गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या आल्या. बाहुलीवर सराव चालला होता. कॅप्सूल बोटाच्या आधारानं आत सरकवायची आणि ढुंगण दोन्ही बाजूंनी दाबून 10 मिनिटं धरून ठेवायचं, नाहीतर मूल ती बाहेर टाकतं. 30 मिनिटांच्या आत बाहेर आली तर पुन्हा द्यायची. धोक्याची लक्षणं त्यांना पाठ होती: स्तनपान किंवा पाणी न घेणं, प्रत्येक घोट उलटून पडणं, झटके, ग्लानी. मागच्या रांगेतल्या एका बाईनं विचारलं, ‘मॅडम, कॅप्सूल दिली की काही वेळानं पोरगं डोळे उघडतं. मग आई म्हणते, आता बरं वाटतंय की, उद्या बघू. मी काय सांगू तिला?’

सगळा प्रकल्प त्या प्रश्नात होता. औषध लागू पडतं, हीच अडचण होती. ताप उतरलेलं, पाणी मागणारं मूल बघून घरचे थांबतात, आणि उरलेले परजीवी पुन्हा वाढतात. शिवाय एकट्या आर्टेसुनेटचा एकच डोस देऊन सोडून देणं म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या परजीवींना वाट मोकळी करून देणं. रवांडा आणि युगांडात आर्टेमिसिनिनला, म्हणजे आर्टेसुनेट ज्या गटात येतं त्या औषधांना, अंशतः न जुमानणारे परजीवी आढळलेत, त्यामुळे ही भीती पुस्तकी नाही.

उत्तर त्या बायकांनीच काढलं. ढुंगण धरून बसायची ती 10 मिनिटं रिकामीच असतात, आई समोर असते, ऐकायच्या मनःस्थितीत असते. त्याच वेळात बोलायचं. ‘हे औषध अर्धंच आहे. थोड्या वेळानं पोर हसेल, खेळेलसुद्धा. तरी निघायचंच आहे. सोबत कोण येतंय?’ मूल बरं दिसायच्या आत निघायचं ठरलेलं असलं की ते मोडत नाही. नंतर पटवणं फार कठीण. आमच्या छापील पत्रकात हे कुठेच नव्हतं. छापलेली पत्रकं तशीच गठ्ठ्यात राहिली, याचं मला फारसं दुःख नाही.

वाहनाचा प्रश्न बैठकांमध्ये सगळ्यांत जास्त चघळला गेला, म्हणून इथे थोडक्यात उरकते. रुग्णवाहिका मागून मिळणार नव्हती. गावातल्या मोटारसायकलवाल्यांशी आणि नावाड्यांशी आधीच बोलून ठेवलं, पैसे रुग्णालयाच्या दारात लगेच मिळतील असं केलं, आणि मुलासोबत पाठवायची चिठ्ठी दोन तुकड्यांत फाडायची पद्धत लावली. एक तुकडा रुग्णालयात, दुसरा वाहनवाल्याबरोबर परत गावात. त्या परतलेल्या तुकड्यावर ‘पोचलं’ एवढाच शब्द आणि सही. कार्यकर्तीला आपण पाठवलेल्या मुलाचं काय झालं हे पहिल्यांदा कळायला लागलं. मला विचाराल तर प्रकल्पातलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी काम ते.

खरी लढाई रुग्णालयातली. तिथे आमचं स्वागत फारसं झालं नाही, आणि त्यांचंही बरोबर होतं. बाहेरून आलेला प्रत्येक प्रकल्प त्यांना एक नवं रजिस्टर देऊन जातो. 2010 साली आफ्रिकेतल्या 9 देशांत 5425 मुलांवर झालेल्या चाचणीत क्विनीन हे मलेरियाचं जुनं औषध घेतलेल्यांपैकी 10.9 टक्के मुलं दगावली, आर्टेसुनेटचं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी 8.5 टक्के. वाद तिथेच मिटायला हवा होता. पण रात्रपाळीत हात सवयीनं क्विनीनच्या बाटलीकडेच जायचा. कारण कोणी सांगत नव्हतं. सिस्टरांबरोबर रात्री बसले तेव्हा कळलं. आर्टेसुनेट पावडरच्या रूपात येतं. 60 मिलिग्रॅमच्या व्हायलमध्ये आधी 1 मिलिलिटर सोडियम बायकार्बोनेट घालायचं, द्रावण पूर्ण स्वच्छ होईपर्यंत हलवायचं, मग शिरेतून द्यायचं तर आणखी 5 मिलिलिटर सलाईन किंवा ग्लुकोज, स्नायूत द्यायचं तर 2. 20 किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे 3 मिलिग्रॅम, त्यावर 2.4. अंधुक दिव्याखाली, दोन झटके येणारी मुलं समोर असताना हे गणित कोण करणार? आम्ही वजनाप्रमाणे मिलिलिटरचा तक्ता मोठ्या अक्षरांत करून औषधाच्या ट्रॉलीवर चिकटवला आणि वजनकाटा दुरुस्त केला. क्विनीनचा वापर आपोआप खाली आला. व्याख्यानांनी ते झालं नव्हतं.

डोस शून्य तासाला, 12 तासांनी, 24 तासांनी. दुपारी तीनला आलेल्या मुलाचा दुसरा डोस पहाटे तीनला येतो, आणि नेमका तोच चुकायचा. ‘सकाळी राउंडला देऊ’ ही वॉर्डातली जुनी रीत. तपासताना मी दुसऱ्या डोसची वेळ आधी बघायला लागले. त्यावरून वॉर्डाची रात्र कशी जाते ते कळतं.

साखरेचं तसंच. बेशुद्ध मुलाची रक्तशर्करा अनेकदा खाली गेलेली असते आणि ती वेळेत वर आणली नाही तर मलेरियाचं औषध लागू पडूनही मूल हातचं जातं किंवा मेंदूला इजा होते. ग्लुकोमीटर होता, पट्ट्यांची मुदत संपलेली. मग नियम केला: बेशुद्ध मूल आलं की साखर तपासायची, तपासता येत नसेल तर ती कमी आहे असं धरूनच चालायचं. शीर सापडत नसेल तर चमचाभर साखर थोडी ओली करून जिभेखाली ठेवायची. हे सांगितलं तेव्हा एक तरुण डॉक्टर हसला. बालरुग्णांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तकातलं पान दाखवल्यावर हसणं थांबलं. सलाईन धो धो सोडायच्या सवयीबद्दलही अशीच वादावादी झाली. 2011 साली आलेल्या आफ्रिकेतल्या चाचणीत भरभर सलाईन दिलेल्या गंभीर तापाच्या मुलांमध्ये 48 तासांतले मृत्यू सुमारे 10.5 टक्के होते आणि न दिलेल्यांत 7.3. हातपाय गार पडलेलं मूल समोर असताना सलाईन हळू सोडायला धीर लागतो, हे मान्य.

प्रकल्प जरा रुळावर येतोय असं वाटत असताना 2022 च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आली. काँगो लोकशाही प्रजासत्ताक, नायजेरिया आणि युगांडात 2018 पासून ‘कॅरामल’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता. तिथल्या दुर्गम भागांत कॅप्सूल पोचवूनही मृत्यू कमी झालेले दिसले नव्हते. नव्यानं विस्तार तूर्त थांबवा, असा त्या सूचनेचा रोख. जिल्ह्याच्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणे सगळ्या कॅप्सूल परत बोलवा. दुसरा म्हणे आमच्या बायकांच्या हातातून एकुलतं एक औषध काढून घेऊ नका. मी अहवाल पुन्हा पुन्हा वाचला. औषध निकामी आहे असं त्यात कुठेच नव्हतं. मुलं पुढे पोचत नव्हती, पोचली तरी इंजेक्शनांनंतर तोंडानं घ्यायच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स अनेकांना मिळत नव्हता. म्हणजे मागच्या रांगेतल्या बाईचा प्रश्न तीन देशांत आकड्यांनिशी सिद्ध झाला होता. आम्ही ठरवलं, ज्या गावातून रात्री निघायची सोय पक्की आहे तिथेच कॅप्सूल ठेवायची. काही गावांतून साठा उचलावा लागला. त्या गावांत जाऊन हे सांगणं मी कोणावर ढकललं नाही, आणि तिथे ऐकून घ्यावं लागलं तेही रास्तच होतं. पुढे 2023 मध्ये मार्गदर्शिका आली तीही हेच सांगत होती: पुढची साखळी पूर्ण असेल तरच.

गोळ्यांचा मुद्दा राहिला. किमान 24 तास इंजेक्शनं, मूल गिळायला लागलं की एसीटीच्या, म्हणजे आर्टेमिसिनिन गटातल्या औषधाला दुसऱ्या औषधाची जोड दिलेल्या गोळ्यांचा 3 दिवसांचा कोर्स. कागदावर सरळ. पण सुटी मिळायची सकाळी, औषधभांडार उघडायचं उशिरा, परतीचं वाहन खोळंबलेलं, आणि घरचे गोळ्यांविना निघून जायचे. गोळ्यांची पाकिटं आम्ही वॉर्डातल्या कपाटात ठेवायला लावली आणि पहिली गोळी सिस्टरसमोर घेतल्याशिवाय सुटीच्या कागदावर सही नाही. भांडारप्रमुख महिनाभर नाराज होते. आठवड्यानं हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचं, कारण आर्टेसुनेटनंतर काही मुलांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी उशिरा फुटतात; त्यासाठीही चिठ्ठीवर तारीख. आणि कार्यकर्त्यांना बजावून सांगावं लागलं की मूल बरं झाल्यावर काही आठवडे आरडीटी, म्हणजे मलेरियाची झटपट रक्तचाचणी, पॉझिटिव्ह येऊ शकते, ताप नसताना ती करून आईला घाबरवू नका.

निधी देणाऱ्यांशी मापावरून झालेली ओढाताण वर्षभर पुरली. ‘वाटलेल्या कॅप्सूल’ हा आकडा दर तिमाहीला छान वाढतो. ‘तिसरं इंजेक्शन आणि गोळ्या मिळालेली मुलं’ हा आकडा लहान दिसतो, आणि सुरुवातीला तर लाजवणारा होता. शेवटी दोन्ही छापायचं ठरलं, पण दुसरा वर.

आता प्रकल्पाचे पैसे संपत आलेत. तक्ता, वजनकाटा, कपाटातली पाकिटं टिकतील असं वाटतं, कारण ती सिस्टरांच्या सोयीची आहेत. फाटक्या चिठ्ठ्याही चालतील. वाहनाच्या पैशाचं मात्र सरकारी अंदाजपत्रकात कुठलंच हेड नाही. औषध म्हणावं तर बसत नाही, प्रवासभत्ता म्हणावं तर रुग्णाचे नातेवाईक कर्मचारी नव्हेत. लेखाधिकाऱ्यांनी फाइल दोनदा परत पाठवली आहे. ‘आकस्मिक खर्च’ या नावाखाली तिसऱ्यांदा टाकली आहे, आणि पुढच्या बैठकीला त्यांच्यासमोर ‘पोचलं’ लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मी स्वतःच जाणार आहे.