बस्त्याव गेला

२ नोव्हेंबर, रविवार

काल रात्री पावणेबाराला बस्त्याव गेला. दादरला मित्राच्या घरी, नेहमीच्याच डायनिंग टेबलवर. शेवटची लोकल पकडून माहीमला आले, झोप नाहीच लागली, म्हणून आता लिहून काढतेय.

बस्त्याव म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्समधलं माझं कॅरेक्टर. हा गेम १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला, कागद, पेन्सिल, वीस बाजूंचा फासा आणि बाकी सगळं तोंडी. आम्ही पाच जण लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर सुरू झालो ते अजून खेळतोय. आमच्या डीएमने, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणाऱ्याने, ती वसईत बेतली, पोर्तुगीजांच्या काळातली, म्हणजे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला त्याच्या आधीची. मला विझार्ड हवा होता, आणि त्या वसईतला पोरगा म्हणजे क्रिस्तांव असणार हे ओघाने आलं. देवभोळा जादूगार आणि समोर सैतानाची फौज, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

मला त्या धर्मातलं काही कळत नव्हतं, मग समोरच्या आंटींना विचारायला गेले. आंटी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती, घरात आपल्यासारखंच मराठी बोलतात, चर्चला देऊळ म्हणतात. त्यांनी बॉटल मसाला कुटून आणला होता, तो बाटलीत ठासून भरता भरता माझं सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "अगो, पण मंतर-जादू आमच्यात पाप आहे. भूत काढायचं ते फादरने, आणि त्यालाही बिशपची परवानगी लागते." मी घरी येऊन शोधलं तर खरंच तसं, चर्चच्या कायद्यात कलम ११७२, बिशपची स्पष्ट परवानगी असलेला पाद्रीच ते करू शकतो. आणि जादू तर सरळ निषिद्ध, चांगल्या कामासाठी केली तरी.

तिथेच बस्त्याव खरा तयार झाला. म्हणजे ज्या हाताने तो गावं वाचवतो तोच हात त्याला पापी वाटतो, आणि तरी तो थांबू शकत नाही कारण पाद्री येईपर्यंत पोरं मरतात. मग मी प्रत्येक सेशनला वहीच्या शेवटच्या पानावर त्याने टाकलेला प्रत्येक स्पेल लिहायचे आणि पुढच्या गावात देऊळ लागलं की तो कुमसार, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली, करायचा, यादी वाचून, एकही न गाळता. बाकीचे चौघं सुरुवातीला वैतागले, नंतर तेच विचारायला लागले की अरे, बस्त्यावची कुमसार झाली का, मग निघू. पाच वर्षांत तीन वह्या भरल्या.

त्याच्या गळ्यात मी सिप्रियन संतांचं पदक घातलं होतं. अंत्युखियाचा सिप्रियन, कथेप्रमाणे तो आधी जादूगार होता, जस्टिना नावाच्या मुलीवर त्याने सैतान सोडले, तिने नुसती क्रुसाची खूण केली आणि ते पळाले, मग याने आपली जादूची पुस्तकं जाळली आणि तिच्याच धर्मात जाऊन हुतात्मा झाला. २६ सप्टेंबरला त्याचा सण असायचा, १९६९ मध्ये रोमने तो सर्वसाधारण कॅलेंडरमधून काढला, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. बस्त्याव नेहमी म्हणायचा, सगळं संपलं की मीपण पुस्तक जाळणार.

काल सगळं संपायचंच होतं. किल्ल्यातल्या देवळाचा घंटेचा मनोरा, वर तो मोठा सैतान, आणि बस्त्यावने बॅनिशमेंट टाकलं. यात समोरचा लगेच गायब होतो, पण कायमचा जायला पूर्ण एक मिनिट, म्हणजे गेममधले दहा राउंड, जादूगाराचं लक्ष तुटता कामा नये, तुटलं की तो परत हजर. आणि मनोऱ्यात दोन छोटे सैतान उरलेले, ते फक्त त्यालाच फाडत होते. बाकीचे खाली, जिना कोसळलेला. प्रत्येक माराला त्याचं लक्ष टिकलं का ते बघायला मी फासा टाकायचे आणि टेबलवर कुणी श्वास घेत नव्हतं. सहावा राउंड. आठवा, दोन हिट पॉइंट, म्हणजे एवढाच जीव, उरलेले. दहावा पूर्ण झाला, मोठा गेला, कायमचा. आणि पुढच्याच माराला बस्त्याव शून्यावर.

मग डेथ सेव्ह, म्हणजे शून्यावर आलेला जगतो की मरतो ते ठरवणारे फासे. दहा किंवा वर आलं तर ठीक, तीनदा चुकलं की संपलं. पहिला चौदा. दुसरा एक, आणि एक आला की दोनदा चुकल्यासारखं धरतात. तिसऱ्याला मी फासा खूप वेळ मुठीत धरून बसले, ओला झाला होता घामाने. सात.

आमचा क्लेरिक, म्हणजे देवाच्या शक्तीने बरं करणारा, तेवढ्यात वर पोचला. त्याच्याकडे तीनशे मोहरांचा हिरा होता, मिनिटाच्या आत रिव्हिव्हिफाय केलं तर माणूस उठतो. त्याने हिरा काढलासुद्धा. पण आत्म्याची इच्छा लागते, म्हणून डीएमने माझ्याकडे बघून हळूच विचारलं, तो यायला तयार आहे का?

मी नाही म्हणाले.

का ते मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, क्लेरिकवाला तर रडायलाच लागला. आंटींनी मला एकदा सांगितलं होतं की मरताना फादर नसला तरी माणूस देवावरच्या प्रेमाने मनापासून पस्तावला, वाचलो तर कुमसार करीनच असं मनाशी धरलं, तर माफी मिळते. आठव्या राउंडला माझी पाळी आली तेव्हा मी त्याच्या तोंडून तेच बोलले होते, यादी नाही, फक्त चुकलो आणि तुझ्यावर प्रेम आहे एवढंच. आयुष्यभर हिशोब देत आलेला माणूस पहिल्यांदा हिशोबाशिवाय देवाशी बोलला होता. त्याला परत ओढून हातात ते पुस्तक द्यायचं? मला नाही जमलं. तो गेला तो हरून नाही गेला, त्याला जिथे जायचं होतं तिथे गेला.

आज कॅथलिकांचा मृतांचा दिवस, आंटी शिवडीच्या सिमेट्रीत अंकलच्या कबरीवर जाणार होत्या, मी झेंडूची पिशवी धरून सोबत गेले. दगड पुसला, फुलं मांडली, मेणबत्त्या लावल्या. एक मेणबत्ती उरली. मी विचारलं, आंटी, जो माणूस खरा नव्हताच त्याच्यासाठी लावलेली चालते का? त्यांना बस्त्याव माहीत होता, दर महिन्याला विचारायच्या, काय गो, तुझा पोरगा कसा आहे.

थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ज्यांच्यासाठी प्रार्थना करायला कोणी नाही, त्यांच्या नावाने आम्ही एक लावतोच. तीच लाव."

वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा त्यांनी ओंजळ धरली.