तुम्ही विचारलंत म्हणून: घरात बसून युद्ध कळतं कसं?

"मिलिट्रीत नाही, पेपरात नाही, मग घरात बसून युद्धाचं कळतंय कसं हो तुम्हाला? आणि त्यात मदतीचं काम कुठनं आलं?" बेळगाव-खानापूर पट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरातच, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा एखादा फौजी असतोच. त्याला युद्धाचं नवल नाही, ह्या बिनवर्दीच्या उद्योगाचं आहे. उद्योग म्हणजे युद्धाच्या म्हणून फिरणाऱ्या क्लिप खऱ्या की खोट्या ते घरबसल्या तपासायचं, आणि तिथल्या लोकांना मदत पाठवायची.

तर कळतं ते निम्मं, आणि उशिरा. बराचसा वेळ एकाच कामात जातो: आलेली क्लिप कुठली आणि कधीची. क्लिपमधल्या चार-पाच चौकटी, म्हणजे फ्रेम, थांबवून त्यांची चित्रं काढायची, ती इंटरनेटवरच्या चित्रशोधात टाकायची आणि सगळ्यात जुनी प्रत गाठायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या व्हिडिओत वेळ-ठिकाणाची मूळ नोंद बहुधा उरत नाही, म्हणून ही पायपीट. २०२२ मध्ये 'आर्मा ३' हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीला तर, आपल्या खेळातली दृश्यं युद्धाची म्हणून फिरतात ती ओळखायची कशी, याचं निवेदन काढावं लागलं.

ठिकाण ओळखण्याचा सराव बेळगावातच करून बघा. गाडीच्या पाटीवर केए-२२ दिसलं की बेळगाव, केए-२३ चिक्कोडी, एमएच-०९ कोल्हापूर. पण गाडी फिरते. चंदगडची एमएच-०९ रोज बेळगावच्या बाजारात असते. पाण्याची टाकी, मोबाईलचा टॉवर, मागच्या डोंगराची रेघ मात्र जागची हलत नाही. वेळ सावलीवरून काढायची. बेळगाव १५.८५ अंश उत्तरेला, त्यामुळे ४ मेच्या आसपास दुपारी साडेबाराला उभ्या काठीची सावली जवळपास पायाशीच जाते. त्या दिवशी साडेबाराचा म्हणून आलेल्या बेळगावच्या व्हिडिओत सावल्या लांब पडल्या असतील, तर वेळ तरी खोटी किंवा गाव तरी.

आवाजाकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. आवाजाला १ किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. लांब क्षितिजावर झगमगाट आणि त्याच क्षणी 'धडाम', म्हणजे आवाज मागाहून चिकटवलाय. इथं एक फसगत होते, तीही जाणत्यांची. गोळ्यांवर गोळे पडत असतील तर एका स्फोटाच्या उजेडाला दुसऱ्याचा आवाज जोडला जातो आणि अंतर भलतंच निघतं. एकटा, सुटा स्फोट मिळेपर्यंत मोजायचं नाही.

उपग्रहाबद्दल मात्र लोकांच्या कल्पना अफाट. नासाच्या आगीच्या नकाशावरचा तांबडा ठिपका उष्णता दाखवतो, कारण नाही. तो एक ठिपकासुद्धा साधारण ३७५ मीटरचा. रायबाग-अथणीकडं उसाचं पाचट पेटवलं तरी तसाच ठिपका उमटतो. युक्रेनमधला गव्हाचा फड पेटला तरी तसाच. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या फुकट मिळणाऱ्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा. रणगाड्याचा सांगाडा जेमतेम ७ मीटर, म्हणजे तो ठिपकाभरही नाही. पूल तुटलाय, गोदाम जळालंय, एवढं दिसतं. ते पुरतं.

आणि मदतीचं काम इथूनच सुरू होतं. पूल तुटलाय म्हणजे रुग्णवाहिकेला वळसा आहे, ही एकच माहिती क्लिप तपासणारा विश्लेषक आणि मदत नेणारा, दोघांना लागते. पण विश्लेषक म्हणतो, कळलंय तर सांगून टाकू. मदतवाला म्हणतो, वळशाचा रस्ता जगाला कळला तर उद्या तिथंच गोळे पडतील. आम्ही मदतवाल्याचं ऐकतो. तुटलेला पूल जाहीर, चालू रस्ता फक्त जाणाऱ्याला. लपलेल्या माणसांच्या इमारतीची खूण दिसणारी चौकट तर प्रसिद्धच करायची नाही, क्लिप कितीही मोलाची असो.

सामानाचं म्हणाल तर जुने कपडे गोळा करू नका, कृपा करा. तिकडं ते निवडायलाच माणसं अडकतात. एका खोक्यात एकच जिन्नस, बाहेर यादी, वजन एका माणसाला उचलेल इतकं. औषध पोहोचेल तेव्हा मुदत किमान एक वर्ष उरलेली हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. वेष्टनावर नुसतं कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. रक्त थांबवायचा दाबपट्टा, म्हणजे टूर्निकेट, स्वस्तातला घेऊ नका. नकलेची पिळायची दांडी ऐन वेळी मोडते. जखमेच्या वर ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही. रक्त थांबेपर्यंत पिळायचा, वेळ लिहायची आणि डॉक्टरांखेरीज कुणी सैल करायचा नाही.

आता घरचं. २६ एप्रिल २०२५ ला केंद्राने, लष्कराच्या हालचाली थेट दाखवू नका, अशी सूचना काढली. ती वाहिन्यांसाठी होती तशीच सोशल मीडिया वापरणाऱ्यांसाठीही. आपल्याकडं सुट्टी रद्द झाली की पोरगं निघतं. आई ओवाळते, आणि धाकटा भाऊ स्टेटस ठेवतो. त्यात छातीवरचं युनिटचं चिन्ह, मागं डब्यावर गाडीचं नाव, खाली 'दादा निघाला'. तीन चिंध्या जोडायला आम्हाला दहा मिनिटं लागतात, तिकडच्या माणसालाही तेवढीच. ओवाळतानाचा घरातला फोटो, साध्या शर्टातला, पोरगं पोहोचल्यावर आठवड्याने ठेवा.