फी भरण्याची तारीख आणि पैसे हाती येण्याची तारीख

मे महिन्यात बारावीचे निकाल लागले की बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत, मग ते दांडिया बाजारातले जुने वाडे असोत की कारेलीबागेतले फ्लॅट, पुढचे दोन महिने एकच विषय चालतो: कुठे प्रवेश मिळाला आणि फी किती. नात्यातल्या आणि ओळखीतल्या मुलांचे अर्ज भरायला मी मदत करत असल्यामुळे अनेक घरांचे हिशेब मला जवळून पाहायला मिळतात. त्यावरून माझे मत असे झाले आहे की मध्यम उत्पन्नाच्या घराला फीच्या आकड्याइतकीच, किंबहुना त्याहूनही अधिक, फीची तारीख अडचणीत आणते. शिष्यवृत्ती मिळते, बँक कर्जही देते. परंतु या दोन्ही रकमा येण्याआधीच जागा पक्की करण्याचा दिवस उजाडलेला असतो.

गुजरातमधल्या बहुतेक घरांना ठाऊक असलेली मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, म्हणजे एमवायएसवाय, हिचेच उदाहरण घ्यावे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल आणि विद्यार्थ्याला बारावीत ८० पर्सेंटाइल (म्हणजे शंभरांतल्या ऐंशी जणांच्या पुढचे स्थान) असतील, तर इंजिनिअरिंगसाठी शिक्षण शुल्काच्या निम्मी किंवा ५०,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम दरवर्षी मिळते. वैद्यकीय शिक्षणासाठी ही मर्यादा २ लाखांची आहे, तर बी.ए., बी.कॉम.सारख्या पदव्यांसाठी १०,००० रुपयांची. योजना चांगली आहे आणि तिच्यामुळे कितीतरी मुले शिकली आहेत. मात्र अर्ज प्रवेश घेतल्यानंतर करायचा असतो, मदत केंद्रावर कागदपत्रांची तपासणी होते आणि त्यानंतर कधीतरी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. म्हणजे पहिल्या वर्षाची पूर्ण फी आधी घरातूनच उभी करावी लागते.

ती कशी उभी राहते, हे एका घराच्या उदाहरणावरून सांगतो. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस, आई पोळी-भाजीचे डबे देते. मुलाला खासगी महाविद्यालयात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग मिळाले. कर्जाचा अर्ज बँकेत पडून होता आणि फी भरायला मोजके दिवस उरले होते. आईने लग्नातल्या पाटल्या सोनेतारण कर्जासाठी ठेवल्या, थोडी रक्कम मामांनी दिली, उरलेली भिशी आधी उचलून भरली. पुढे शैक्षणिक कर्ज मंजूर झाले, पण बँक फीची रक्कम थेट महाविद्यालयाला पाठवते आणि इथे ती आधीच भरून झालेली होती. भरलेल्या फीची पावती दाखवल्यावर काही बँका ती रक्कम पालकांना परत देतात. मात्र तशी सोय आहे का, हे फी भरण्यापूर्वीच शाखेत लेखी विचारून ठेवावे लागते. या घराने ते विचारले नव्हते, आणि त्यांना ते सुचवणारेही कोणी भेटले नव्हते. सोनेतारणाचे व्याज मात्र दर महिन्याला चालू राहिले.

शैक्षणिक कर्जाविषयी आपल्याकडे भीती फार आणि माहिती कमी आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. मालमत्तेचे तारण साधारणतः साडेसात लाखांच्या पुढे मागितले जाते. तरीही पालक पहिल्याच भेटीत घराचे कागद घेऊन शाखेत जातात. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारणाशिवाय आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतीची तरतूद आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाच्या पसंतीक्रमाचा अर्ज भरण्याआधी पाहावे, कारण नंतर कळून उपयोग नसतो.

आता व्याजाचा हिशेब. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा विस्ताराने मांडतो. समजा, चार वर्षे दरवर्षी दीड लाख असे एकूण ६ लाखांचे कर्ज घेतले आणि व्याजाचा दर ९ टक्के आहे. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यापुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत असते. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, असे धरत गेल्यास पहिला हप्ता सुरू होईपर्यंत १,८९,००० रुपये व्याज साठते आणि ते मुद्दलात मिळवले जाते. दहा वर्षांच्या मुदतीत ७,८९,००० रुपयांचा हप्ता महिन्याला सुमारे १०,००० रुपये पडतो. तेच व्याज शिक्षण चालू असताना आणि त्यापुढच्या वर्षीही भरत गेलो, तर मुद्दल ६ लाखच राहते आणि हप्ता सुमारे ७,६०० रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला अवघे १,१२५ रुपये असते. चौथ्या वर्षी मात्र ते ४,५०० पर्यंत पोहोचते. ज्यांना चौथ्या वर्षाचे झेपणार नाही, त्यांनी पहिल्या दोन वर्षांचे तरी भरावे. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर ठरावीक अभ्यासक्रमांसाठी या काळातले व्याज केंद्र सरकार भरते, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला वेळेत बँकेकडे द्यावा लागतो.

आपल्या शहराला विद्यार्थ्याला पैसे पुरवण्याची मोठी परंपरा आहे. सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना मुंबईत शिकत असताना दरमहा २५ रुपये आणि १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती, आणि त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याचा करार होता. यात मला विशेष वाटते ते ‘दरमहा’. फी एकदा भरून शिक्षण होत नाही. खोलीभाडे, मेस, पुस्तके, प्रवास हे सारे महिन्याच्या महिन्याला लागते, आणि आजच्या बहुतेक हिशेबांत नेमका हाच भाग सुटतो. म्हणूनच महाराजा सयाजीराव विद्यापीठातली अनुदानित जागा मिळत असताना केवळ नावासाठी बाहेरगावचे महागडे महाविद्यालय निवडण्याआधी घरी राहून शिकल्याने वाचणारी रक्कम एकदा कागदावर मांडावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. विद्यापीठातल्याच जास्त फीच्या जागेचा आकडा अर्थातच वेगळा धरायला हवा.

हा कागद मुलासमोर मांडावा. कर्जाच्या करारावर मुख्य कर्जदार म्हणून सही त्याची असते, आई-वडील सहकर्जदार असतात. हप्ता पुढे त्याच्याच पगारातून जाणार असतो. तरीही ‘तू फक्त अभ्यास कर, पैशांचे आम्ही पाहतो’ असे म्हणून त्याला या चर्चेतून बाहेर ठेवले जाते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला हे सर्व समजते, आणि न सांगितलेले तर त्याला अधिकच टोचते. ज्यांची मुले या वर्षी बारावीला आहेत, त्यांनी मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा, मुलाचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे का ते पाहावे, आणि एप्रिलमध्येच दोन-तीन शाखांत जाऊन कर्जासाठी कोणकोणते कागद लागतील याची यादी हातात घ्यावी. या कामांसाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही.