कंदिलाची काच

दुपारच्या चहाला स्कोकीच्या ओसरीवर बसलो असताना तिथे काम करणारी मुलगी रॉकेलच्या दिव्यांच्या काचा पुसायला घेऊन बाहेर आली, आणि अकरा किलोमीटर चालून आंबलेल्या पायांचा मला विसर पडला. आजोळी हे काम आम्हा मुलांचे असे, कारण काचेच्या गळ्यातून मोठ्यांचा हात आत जात नसे. चुलीतली चाळलेली राख, जुन्या धोतराची चिंधी आणि तोंडाने आत सोडलेली वाफ एवढे पुरे. एका काचेला तडा गेला होता. तिथे भाताच्या शिताने कागद चिकटवलेला होता आणि तो भिजवायचा नाही अशी आजीची सक्त ताकीद होती.

स्कोकी म्हणजे कॅनडातल्या बॅम्फ राष्ट्रीय उद्यानात, लेक लुईसच्या मागच्या डोंगरांत दडलेले ओंडक्यांचे विश्रामगृह. क्लिफ व्हाइट आणि सिरिल पॅरिस या बॅम्फच्या स्कीवेड्या तरुणांच्या पुढाकाराने ते १९३१ मध्ये उभे राहिले. वाटेत डिसेप्शन, म्हणजे फसवणूक, नावाची खिंड लागते. माथा आला असे वाटावे आणि पुढे आणखी चढ दिसावा, त्यामुळे या नावाविषयी माझी काही तक्रार नाही. इथे अजून वीज नाही, नळ नाही. २०११ मध्ये राजपुत्र विल्यम आणि केट इथे एक रात्र राहून गेले. आजोळी वीज आली तेव्हा सगळे कंदील महिनाभरात माळ्यावर गेले होते. इथे मी चांगले पैसे मोजून कंदील आणि अंधारात परसाकडे जाण्याची लहानपणची भीती, दोन्ही परत विकत घेतले होते.

रात्री जेवताना कोणी तरी रेमंड पेलीचा विषय काढला. केंब्रिजचा हा गणिती नॉर्बर्ट वीनरबरोबर काम करायला अमेरिकेत आला होता. दोघांच्या नावाचे प्रमेय गणिताचे विद्यार्थी आजही शिकतात. एप्रिल १९३३ मध्ये जवळच्याच फॉसिल पर्वतावर स्की करताना तो हिमकड्याखाली सापडला. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि हे घर जेमतेम दोन. त्याला बॅम्फमध्येच पुरले.

मध्यरात्री जाग आली. विजेरी घेऊन दारापर्यंत गेलो, कडी काढली, बाहेरच्या अंधाराकडे पाहिले, कडी पुन्हा लावली आणि उजाडेपर्यंत कळ काढली.