न झालेल्या चाचण्यांचा हिरवा अहवाल

आमच्या गटाकडे जीडीबी या डीबगरची, म्हणजे प्रोग्रॅममधील चुका शोधण्याच्या साधनाची, स्वतःची एक शाखा (बदल केलेली प्रत) आहे. मूळ जीडीबीवर आमच्या आर्म प्रोसेसरच्या बोर्डांसाठी लागणारे बदल चढवायचे, नवी आवृत्ती आली की ते पुन्हा बसवायचे आणि ग्राहकाकडून आलेली कोअर फाइल (कोसळलेल्या प्रोग्रॅमची नोंद) त्यात नीट उघडते की नाही हे पाहायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. यातील शेवटचा भाग बराच काळ हातानेच होत असे: कोणीतरी एखादी जुनी कोअर फाइल उघडायचा, स्टॅक, म्हणजे एकमेकांना बोलावणाऱ्या फंक्शनांची साखळी, ओळखीचा दिसला की समाधान मानायचा आणि आवृत्ती पुढे जायची. ही तपासणी रोज रात्री आपोआप व्हावी, असे ठरल्यावर ते काम माझ्याकडे आले.

प्रोग्रॅम कोसळला की त्या क्षणीची त्याची स्मृती आणि रजिस्टरे (प्रोसेसरच्या आतल्या साठवणीच्या जागा) कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, एका फाइलमध्ये उतरवून ठेवतो, तीच कोअर फाइल. जुन्या संगणकांतील चुंबकीय कड्यांची ‘कोअर’ स्मृती केव्हाच इतिहासजमा झाली, पण तिचे नाव या फाइलला चिकटून राहिले आहे. डीबगरला येथे जिवंत प्रक्रियेला काही विचारण्याची सोय नसते. फाइलमध्ये जे आहे आणि मूळ प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये जे आहे, तेवढ्यावरून त्याला सगळे चित्र उभे करावे लागते. त्यामुळे येथे झालेली चूक बहुधा आरडाओरडा करत नाही. डीबगर काहीतरी उत्तर देतो, ते उत्तर पटण्याजोगे दिसते, आणि ते चुकीचे असते.

जीडीबीसोबत चाचण्यांचा मोठा संच येतो. तो डेजाग्नू या चौकटीवर चालतो आणि त्यातील चाचण्या टीसीएल भाषेत लिहिलेल्या असतात. त्यातील कोअर फाइलींची मुख्य चाचणी एक लहानसा प्रोग्रॅम बांधते, तो मुद्दाम अबॉर्ट करवते, तयार झालेली कोअर फाइल डीबगरमध्ये उघडते आणि सिग्नल (कोसळण्याचे कारण सांगणारा कर्नलचा संदेश), स्टॅक व काही चलांच्या किमती अपेक्षेप्रमाणे आहेत का ते पाहते. मी हा संच आमच्या बिल्ड सर्व्हरवर एका कंटेनरमध्ये (त्याच यंत्रावरील वेगळ्या राखलेल्या वातावरणात) बसवला, निकालाच्या फाइलमधील नापास चाचण्या मोजणारी स्क्रिप्ट लिहिली आणि संख्या शून्य असेल तर अहवाल हिरवा करायचा, असा नियम घातला. पहिल्या रात्रीपासून अहवाल हिरवा आला आणि पुढचे सहा आठवडे हिरवाच राहिला.

एकही चाचणी कधी हेलकावे खात नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. ते खटकले एका सहकाऱ्याला. त्याला एक कोअर फाइल नमुना म्हणून हवी होती, म्हणून तो चाचणीच्या फोल्डरमध्ये शोधू लागला आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "अरे, इथे एकही कोअर फाइल नाही. मग तुझी चाचणी उघडते तरी काय?"

लॉग काढून पाहिला. प्रत्येक रात्रीच्या लॉगमध्ये एक इशारा इमानेइतबारे लिहिलेला होता: कोअर फाइल तयार करता येत नाही, म्हणून कोअरच्या चाचण्या वगळल्या आहेत, अलिमिट (कोअर फाइलच्या आकाराची मर्यादा) तपासा. वगळलेली चाचणी नापास म्हणून मोजली जात नाही आणि माझी स्क्रिप्ट तर नापासांशिवाय दुसरे काहीच मोजत नव्हती. सहा आठवडे मी न झालेल्या चाचण्यांचा निकाल सर्वांना पाठवत होतो.

अलिमिट मात्र ठीक होते. पाणी मुरत होते ते कर्नलच्या कोअर पॅटर्न या सेटिंगमध्ये. या सेटिंगमध्ये साधे नाव असेल तर कर्नल त्या नावाची फाइल लिहितो. पण त्याचे पहिले अक्षर उभी रेघ असेल तर कर्नल फाइल लिहीत नाही, तर सगळा मजकूर रेघेपुढे दिलेल्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. आमच्या सर्व्हरवर तो प्रोग्रॅम सिस्टिमडी-कोअरडम्प होता, आणि तो मिळालेली कोअर संकुचित करून स्वतःच्या ठेवणीच्या जागी नेऊन ठेवतो. तेथे गेल्या काही रात्रींच्या आमच्याच चाचणी-प्रोग्रॅमांच्या कोअर फाइली ओळीने पडलेल्या सापडल्या. हे सेटिंग सगळ्या यंत्रासाठी एकच असते, कंटेनरला स्वतःचे वेगळे मिळत नाही, आणि सामायिक सर्व्हरवर ते बदलून देण्यास व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी नकार दिला. त्यांचे म्हणणे रास्तच होते. शेवटी या चाचण्यांसाठी एक वेगळे आभासी यंत्र मिळाले. तेथे मी पॅटर्नमध्ये साधे नाव आणि त्यामागे प्रक्रियेचा क्रमांक एवढेच ठेवले.

त्या रात्री अहवाल प्रथमच लाल झाला, आणि त्याचे कारण डीबगर नव्हताच. कोअर फाइलमध्ये प्रोग्रॅम कोणत्या आदेशाने सुरू झाला ते नोंदवायला लिनक्स ८० बाइटांची जागा देतो. मी स्वतः लिहिलेल्या एका चाचणीत प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग जसाच्या तसा दिसावा अशी अपेक्षा होती, आणि नव्या यंत्रावरील फोल्डरांची उतरंड एवढी लांब होती की नाव मध्येच तुटत होते. माझ्या लॅपटॉपवर मार्ग छोटा असल्याने तीच चाचणी आनंदाने पास होत असे.

दुसरा घोळ अधिक चिवट निघाला. दर वेळी नवी कोअर तयार करणे पुरेसे नव्हते, कारण ग्राहकांच्या फाइली जुन्या कर्नलवरच्या असतात. म्हणून काही निवडक कोअर फाइली आणि त्यांचे मूळ प्रोग्रॅम मी गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात साठवले. जागा कमी लागावी म्हणून हे नमुने प्रमाणित लायब्ररीशिवाय, स्टॅटिक पद्धतीने बांधलेल्या प्रोग्रॅमांचे घेतले. यातील एक चाचणी काही रात्री पास होई, काही रात्री नापास. डीबगर मध्येच असा इशारा देई की प्रोग्रॅमची फाइल कोअरपेक्षा नवी आहे, आणि त्या अनपेक्षित ओळीने चाचणी अडखळे. गिट फाइलींच्या मूळ वेळा जपत नाही. चेकआउट करताना, म्हणजे साठ्यातून फाइली बाहेर काढताना, ज्या क्षणी फाइल डिस्कवर उतरते तीच तिची वेळ ठरते. दोन्ही फाइली एकाच सेकंदात उतरल्या तर इशारा नाही, प्रोग्रॅम पुढच्या सेकंदात उतरला तर इशारा. उपाय एका ओळीचा होता: चेकआउटनंतर कोअर फाइलीची वेळ ताजी करायची. ती ओळ लिहिण्यापूर्वी माझे तीन दिवस गेले होते.

आर्म बोर्डावर जाताना आणखी एक गंमत झाली. शून्याने भागून क्रॅश घडवणारा एक चाचणी-प्रोग्रॅम माझ्याकडे होता. इंटेलच्या यंत्रावर पूर्णांकाला शून्याने भागले की सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम कोसळतो. ६४ बिटी आर्मवर तोच भागाकार निमूटपणे शून्य हे उत्तर देतो. प्रोग्रॅम सुखरूप संपला, कोअर झाली नाही आणि चाचणी पुन्हा "वगळली" या सदरात जाऊन बसली. मात्र यावेळी स्क्रिप्ट वगळलेल्या चाचण्याही मोजत होती, त्यामुळे ही गोष्ट दुसऱ्याच सकाळी कळली.

एवढे झाल्यावरही माझा माझ्या अहवालावर विश्वास बसेना. चाचण्या खरोखर काही पकडतात का हे पाहण्यासाठी मी डीबगर मुद्दाम बिघडवायचे ठरवले. दर वेळी एकच बिघाड करायचा, संच चालवायचा आणि कोण ओरडते ते पाहायचे. कोअर फाइलमध्ये प्रत्येक थ्रेडसाठी (प्रोग्रॅममधील समांतर चालणाऱ्या धाग्यासाठी) एक स्थिती-नोंद असते. ती इंटेलच्या ६४ बिटी यंत्रावर ३३६ बाइटांची आणि आर्मच्या ६४ बिटी यंत्रावर ३९२ बाइटांची असते, आणि दोन्हींत सर्वसाधारण रजिस्टरे ११२व्या बाइटापासून सुरू होतात. मी ते ११२ बदलून १०४ केले, आणि जवळपास सगळ्या चाचण्या कोसळल्या. सिग्नलचा क्रमांक चुकीच्या जागेवरून वाचायला लावला. दोन चाचण्यांनी तो पकडला. लिनक्स कोसळलेल्या थ्रेडची नोंद सर्वांत आधी लिहितो, त्यावर विसंबून डीबगर तो थ्रेड निवडतो. मी शेवटचा थ्रेड निवडायला लावला, आणि काहीच झाले नाही. संचातील माझ्या सगळ्या नमुन्यांत एकेकच थ्रेड होता! आर्मवरील फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकी संख्यांच्या) रजिस्टरांची ५२८ बाइटांची नोंद वाचणेच बंद केले, तरीही अहवाल हिरवाच आला.

या बिघाडांची वही हाच पुढचा कार्यक्रम झाला. चार थ्रेडांचा आणि त्यांतील तिसरा कोसळणारा प्रोग्रॅम लिहिला. फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांत ठरावीक किमती भरून लगेच कोसळणारा दुसरा लिहिला. तो असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांत, लिहावा लागला, कारण सी भाषेचा कंपायलर कोणते रजिस्टर कधी वापरील याची खात्री देत नाही. एक कोअर फाइल मध्येच कापून ठेवली, म्हणजे डिस्क भरल्यावर ग्राहकाकडून येते तशी. तेथे डीबगरने फाइल अपुरी असल्याचे सांगावे, जेवढे आहे तेवढे दाखवावे आणि उरलेल्या पत्त्यांबाबत स्मृती वाचता येत नाही असे स्पष्ट म्हणावे, एवढी अपेक्षा लिहिली.

खरा दोष सापडला तो अशा एका नमुन्यात, जो मी जवळजवळ गाळणार होतो. लिनक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रोग्रॅमच्या कोडचा भाग कोअरमध्ये लिहीत नाही, कारण तो मूळ फाइलमध्ये असतोच. कोअरमध्ये त्या विभागाची नोंद असते, पण स्मृतीतील आकार मोठा आणि फाइलमधील आकार शून्य. डीबगरने अशा वेळी मूळ प्रोग्रॅमच्या फाइलकडे वळायचे असते. आमच्या शाखेतील एका जुन्या बदलाने दोन्ही आकार सारखेच धरले होते, त्यामुळे डीबगर तेथे शून्ये दाखवत होता. स्टॅकमधील नावे सिम्बॉल टेबलातून (पत्ते आणि नावे यांच्या यादीतून) येत असल्याने ती बरोबर दिसत, म्हणून हाताने तपासताना हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. कोसळलेल्या जागेची असेंब्ली मागितली तरच शून्यांची रांग दिसे. तो बदल मीच दोन वर्षांपूर्वी मंजूर केला होता, हे आवृत्तींच्या इतिहासात नावानिशी सापडले.

आता रात्रीच्या अहवालात पास, नापास आणि वगळलेल्या अशा तिन्ही संख्या पहिल्या ओळीत येतात आणि वगळलेल्यांची संख्या आदल्या रात्रीपेक्षा वाढली तरी अहवाल लाल होतो. त्याखेरीज सगळ्यांत आधी एक चिमुकला प्रोग्रॅम कोसळवला जातो आणि त्याची कोअर फाइल डिस्कवर सापडली नाही तर संच तेथेच थांबतो. गेल्या महिन्यात त्या आभासी यंत्राची कार्यप्रणाली अद्ययावत केली गेली, त्या रात्री चाचणी पहिल्याच मिनिटात थांबली. सकाळी कोअर पॅटर्न उघडून पाहिला, तर त्याच्या सुरुवातीला पुन्हा उभी रेघ आली होती.