एक ओली भिंत आणि घरातली पाच माणसं

लेकीच्या खोलीतली एक भिंत मी दोन वर्षांत दोनदा रंगवली आणि दोन्ही वेळा सहा महिन्यांच्या आत ती फुगली. आधी फोड यायचे, मग पोपडे सुटायचे, आणि केर काढताना पलंगाखालून रंगाच्या कपच्या निघायच्या. तिसऱ्यांदा डबा आणायला निघाले तेव्हा बाबांनी विचारलं, "भिंत ओली का आहे, ते बघितलंस का?" नव्हतं बघितलं. वरून नीट झाकलं की झालं, असंच मी धरून चालले होते.

बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. शिडी, स्टूल त्यांना बंद. पण नजर पक्की आहे, आणि दुरुस्तीच्या कामात ते कधीच घाई करत नाहीत. त्यांनी सांगितलं तसं आम्ही पारदर्शक प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर ठेवला, चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या आणि एक अख्खा दिवस त्याला हात लावला नाही. खोलीतल्या हवेचा दमटपणा गार भिंतीवर बसत असेल तर पाणी प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला दिसतं. ओल भिंतीतूनच येत असेल तर आतल्या अंगाला. दुसऱ्या दिवशी लेकीने बोट फिरवून पाहिलं. वरून कोरडं होतं, आणि आत बारीक थेंबांची दाट जाळी.

भिंतीच्या पलीकडे बाथरूम. नवरा बॅटरी घेऊन तिथे उकिडवा बसला आणि नळाखालच्या टाइल्सचे सांधे एकेक करून तपासले. बऱ्याच सांध्यांतला भराव निघून गेला होता, इतका की नख आत जायचं. रोजच्या आंघोळीचं पाणी तिथून मुरत होतं. आमचा रंग बिचारा चांगलाच होता, चूक त्याची नव्हती.

सांधे भरायला दादा आला. त्याने आणि नवऱ्याने जुना भराव पात्याने खरवडला, धूळ ब्रशने काढली, नवा माल दाबून भरला. पुसताना ओला स्पंज सांध्याच्या रेषेत फिरवायचा नाही, तिरका फिरवायचा, नाहीतर भरलेलाच माल ओढून बाहेर येतो. भिंत आणि जमीन जिथे मिळते त्या कोपऱ्यात मात्र सिलिकॉन लावलं, कारण तिथे थोडी हालचाल होत राहते आणि कडक भराव पुन्हा तडकतो. पुढचे २४ तास बाथरूम बंद.

मग खोलीच्या बाजूचा सुटलेला रंग खरवडला. पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून, खाली जुन्या चादरी पसरून. आमच्या दोन थरांखाली कोणी कधी लावलेले थर होते, ते माहीत नव्हतं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि त्याची धूळ मुलांना फार वाईट. म्हणून लेकीला त्या दिवशी खोलीत येऊ दिलं नाही. ती रुसली, तरी माझा निर्णय मी बदलला नाही.

आणि मग थांबलो. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत कठीण भाग हाच. उघडी, डागाळलेली भिंत रोज समोर, आणि करायचं काहीच नाही. भिंत सुकायला लागली तसा तिच्यावर पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, वर आला. मी ओलं फडकं घेऊन निघाले होते, बाबांनी थांबवलं. पाण्याने पुसलं तर क्षार विरघळून परत भिंतीत शिरतात. कोरड्या ब्रशने झाडायचे आणि उचलून टाकायचे. असं तीन-चारदा केलं. सहा आठवड्यांनी प्लॅस्टिक पुन्हा लावलं तेव्हा दोन्ही अंगं कोरडी निघाली.

या मधल्या काळात दादाने खोलीचं दार नीट केलं. ते खाली घासत होतं, आणि मला वाटत होतं की रंधा मारावा लागेल. त्याने दार उचलून धरलं आणि वरची बिजागरी हलते ती दाखवली. स्क्रूची भोकं मोठी झाली होती. गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्याने भोकात ठोकल्या, रात्रभर वाळू दिल्या, सकाळी तेच स्क्रू परत बसवले. दार पुन्हा घासलेलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते जरा मनाला लागलेलं आहे. भिंतीला लांबी (पुट्टी) भरायच्या रविवारी आम्ही सगळे एकाच भिंतीपुढे उभे होतो. मी प्रत्येकाच्या मागे: पात्याचा कोन असा धर, इतकी जाड नको, तिथे राहिलं. तासाभरात नवऱ्याने पातं खाली ठेवलं आणि म्हणाला, "मग तूच कर." रागाने नाही, थकून. संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. मदत मागायची आणि हात मात्र सगळे माझेच असल्यासारखे हलवायचे, हे बरोबर नव्हतं. त्यानंतर काम तुकड्यांत न सांगता अख्खं देऊन टाकलं. लांबी नवऱ्याची, रंग माझा, भिंतीवर लावायची फळी दादाची. आणि तपासणी बाबांची, लेक त्यांच्या हाताखाली.

ती तपासणी बघण्यासारखी होती. बाबांनी खोलीत अंधार करायला लावला, खुर्ची भिंतीला चिकटून ठेवली आणि बॅटरी भिंतीशी जवळजवळ समांतर धरली. समोरून सपाट दिसणारी भिंत त्या आडव्या उजेडात टेकड्या-खड्ड्यांची झाली. प्रत्येक उंचवट्यामागे सावली. "अजून वर, हां, तिथे," ते म्हणायचे आणि लेक पेन्सिलीने गोल करायची. "आजोबा, तुम्हाला हा दिसला का?" असं विचारत तिने स्वतःही पाच-सहा शोधले. एकूण २७ गोल झाले. नवऱ्याने ते सगळे भरले, वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भिंत १२ फूट बाय ९ फूट, म्हणजे १०८ चौरस फूट. एक लिटर रंगात एका हाताला साधारण तेवढंच क्षेत्र होतं, म्हणून दोन हातांना दोन लिटर पुरले. आधी प्रायमर, मग कडा ब्रशने, मधलं रोलरने. नुसत्या भिंती रंगवणं हे सगळ्यांत सोपं काम आहे, आणि मी दोन वर्षं तेवढंच करत होते.

शेवटी फळी. मोडलेल्या कपाटाचं एक चांगलं दार ठेवून दिलं होतं, दादाने त्यातून चार फुटांची फळी कापली आणि कडा कानशीने गोल केल्या. ड्रिल मशीन शेजाऱ्यांकडून आणलं. जिथे भोकं पाडायची त्याच्या सरळ वर-खाली किंवा रेषेत बटण, प्लग काही नाही ना ते पाहून घेतलं, कारण भिंतीतल्या वायरी बहुधा तशाच सरळ गेलेल्या असतात. तरी त्या खोलीची वीज बंद केली आणि मशीनची वायर बाहेरच्या खोलीतून ओढली.

फळी आडवी सरळ बसते का ते दाखवणारी पाणसळ घरात नव्हती. बाबांनी पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी मागितली, तिच्यात पाणी भरलं, आणि एक टोक स्वतःकडे ठेवून दुसरं लेकीच्या हातात दिलं. नळी कशीही लोंबू दे, दोन्ही टोकांतलं पाणी एकाच उंचीवर थांबतं. पहिल्यांदा खूण भलतीकडेच आली. बाबांनी नळी उजेडात धरून हात फिरवत नेला आणि मधे अडकलेला हवेचा बुडबुडा दाखवला. टिचक्या मारून तो बाहेर काढला. मग लेकीने अंगठा टोकावरून उचलला, दोघांनी श्वास रोखल्यासारखं पाणी स्थिर होईपर्यंत वाट पाहिली, आणि बाबा खुर्चीतूनच म्हणाले, "माझं बरोबर खुणेवर आहे. तुझं कुठे आहे, तिथे रेघ मार."

दादाने ड्रिलच्या टोकावर किती खोल जायचं त्याची टेप लावली, खाली कागदाची घडी चिकटवून धूळ झेलली, भोकांत स्क्रू धरून ठेवणाऱ्या गिट्ट्या ठोकल्या, फळी बसवली. लेकीने वर पेन ठेवलं. ते घरंगळलं नाही. तिने ते उलट बाजूने ठेवून पाहिलं, मग बाबांच्या खुर्चीशी जाऊन नळी परत मागितली. तिला खिडकीची चौकट तपासायची होती.