तुम्ही विचारलंत म्हणून: चंद्र कुणाच्या लेखी?

"कोणी बघत नसताना चंद्र असतो का?" क्वांटम भौतिकीचा, म्हणजे अणूंसारख्या सूक्ष्म गोष्टींच्या शास्त्राचा, विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. कारण तिथे मोजून बघेपर्यंत कणाच्या गुणधर्माला ठरलेलं मूल्य नसतं, असं सहसा सांगितलं जातं. आइनस्टाइनलाही तो छळत असे. सहकारी भौतिकशास्त्रज्ञ अब्राहम पाइस यांच्याबरोबर फिरायला गेले असताना मध्येच थांबून त्यांनी हेच विचारलं होतं.

माझं उत्तर, असतो. मला खटकतो तो 'बघणं' हा शब्द. भौतिकशास्त्रज्ञ कार्लो रोव्हेल्लींनी १९९६ साली मांडलेल्या संबंधनिष्ठ क्वांटम यांत्रिकीत बघणाऱ्याला डोळे लागत नाहीत, जाणीवही लागत नाही. धुळीचा कण चालतो. दोन वस्तूंची गाठ पडली की एकीच्या गुणधर्माला दुसरीच्या लेखी मूल्य मिळतं. धावत्या गाडीत मांडीवर ठेवलेल्या पुस्तकाचा वेग तुमच्या लेखी शून्य आणि फलाटावरच्या माणसाच्या लेखी ताशी ऐंशी किलोमीटर. 'पण खरा वेग कोणता?' असं तिथे कोणी विचारत नाही. रोव्हेल्ली म्हणतात, सगळेच गुणधर्म असे असतील तर?

एक प्रयोग जवळून बघा. १९२२ साली स्टर्न आणि गेरलाख या भौतिकशास्त्रज्ञांनी भट्टीतून निघालेला चांदीच्या अणूंचा झोत विषम, म्हणजे जागेगणिक कमी-जास्त होणाऱ्या, चुंबकीय क्षेत्रातून पलीकडच्या काचेवर सोडला. जुन्या समजुतीप्रमाणे अणू म्हणजे कुठल्याही दिशेला वळलेले छोटे चुंबक, त्यामुळे काचेवर सलग पट्टा उमटायला हवा होता. झोत दुभंगला. प्रत्येक अणू एक तर वर, नाही तर खाली. मधलं काही नाहीच.

आता हाच प्रयोग बंद खोलीत एकाच अणूवर करायचा. आत मैत्रीण, बाहेर तुम्ही. तिला दिसलं, 'वर'. तुमचा मात्र आत काही संपर्क नाही, त्यामुळे तुमच्या गणितात अणू, काच आणि ती स्वतः, सगळेच अजून 'वर' आणि 'खाली' या दोन्ही शक्यता एकत्र असलेल्या अवस्थेत. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६१ साली हा पेच मांडला. चूक कोणाची? रोव्हेल्लींच्या दृष्टीने कोणाचीच नाही. तिच्या लेखी निकाल लागलाय, तुमच्या लेखी लागायचाय.

चंद्राचं तसं होत नाही, कारण तो बंद खोलीत नाही. सूर्यप्रकाश त्याच्यावर अखंड आदळतोय, समुद्राचं पाणी त्याच्या ओढीने चढतं-उतरतंय. माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून तो असंख्य वस्तूंच्या लेखी तिथेच आहे.

हे मला मनापासून पटतं. अडतं ते पुढे. दार उघडून तुम्ही मैत्रिणीला विचारलंत, तर ती 'वर'च म्हणेल कशावरून? रोव्हेल्लींच्या मूळ मांडणीत याची हमी नव्हती, आणि ती नसेल तर प्रत्येक जण आपापल्या बेटावर. २०२२ साली भौतिकीच्या तत्त्वज्ञ एमिली ॲडलम आणि रोव्हेल्ली यांनी एक नवं गृहीतक जोडलं: तिला मिळालेली माहिती तिच्या मेंदूत भौतिक रूपात असते, आणि तुम्ही ती नीट तपासलीत तर तेच उत्तर मिळतं. त्याने बेटं जोडली जातात खरी, पण तो पूल बाहेरून आणून टाकलाय. तो सिद्धांताच्या पोटातूनच निघायला हवा होता, असं मला आजही वाटतं.